वाचक विचारतात : तळ्यातल्या माशांचे साथीचे आजार

नाशिक जिल्ह्यात शेततळे खोदले जाते ते द्राक्ष, डाळिंब आणि कांद्याच्या पाण्यासाठी. मासा त्यात नंतर येतो. त्यामुळे वेलीच्या पानावर डाग दिसताच त्याच दिवशी फवारणी ठरवणारा शेतकरी तळ्यात मासा उलटा तरंगताना दिसला की मात्र गांगरतो, कारण पाण्याखाली काय चालले आहे ते त्याला दिसत नाही आणि विचारायला जवळपास कोणी नसते. थंडी सुरू झाल्यापासून आमच्याकडे आलेली बहुतेक पत्रे याच विषयाची आहेत. त्यांपैकी सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेवरून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या शेततळ्यात रोहू, मृगळ आणि थोडे सायप्रिनस (कॉमन कार्प) आहेत. डिसेंबरमध्ये मृगळांच्या अंगावर लाल चट्टे दिसू लागले आणि आठवडाभरात त्यांच्या खोल जखमा झाल्या. रोज चार-पाच मासे मरतात. मेलेला एक मासा आम्ही एका खासगी प्रयोगशाळेत दिला; अहवालात ‘एरोमोनास जिवाणू आढळला’ असे लिहून आले. दुकानदाराने खाद्यातून द्यायला प्रतिजैविकाची पावडर दिली आहे. सायप्रिनसला मात्र काहीही झालेले नाही. पावडर सुरू करावी का?
— द्राक्ष बागायतदार, ता. निफाड

उत्तर : पावडर तूर्त बाजूला ठेवावी. आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती आपण शेवटी लिहिली आहे, ती म्हणजे सायप्रिनसला काही झालेले नाही. तिच्याकडे वळण्यापूर्वी एका जुन्या चुकीबद्दल सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या अहवालात तीच चूक पुन्हा होत असावी असे मला वाटते.

1971 मध्ये जपानमधील आयू माशांवर आणि 1972 मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये अशाच लाल जखमांचा रोग दिसला. पुढे तो आग्नेय आशियात पसरला आणि 1988 मध्ये बांगलादेशमार्गे आपल्या ईशान्य भारतात पोहोचला. मरळ आणि खवलीसारखे लहान मासे हजारोंनी मेले, बाजारात मासळीला गिऱ्हाईक उरले नाही आणि मासेमारीवर पोट असलेल्या कुटुंबांची उपासमार झाली. जखमांचे नमुने ज्या ज्या प्रयोगशाळेत गेले तिथे तिथे एरोमोनास सापडला. काही ठिकाणी विषाणूही सापडले, म्हणून काही वर्षे विषाणूवर संशय राहिला. एरोमोनास हा जिवाणू जवळजवळ प्रत्येक तळ्याच्या पाण्यात असतोच; उघडी जखम मिळाली की तो तिथे वस्ती करतो. तो जखमेत सापडला याचा अर्थ जखम त्याने केली असा होत नाही. शोध लागला तो जखमेखालच्या स्नायूचे पातळ काप करून, त्यांना चांदीच्या क्षाराने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. स्नायूंमधून काळे, आडवे पडदे नसलेले धागे आत शिरलेले होते आणि माशाच्या पेशींनी त्यांच्याभोवती गाठी बांधल्या होत्या. तो ॲफॅनोमायसिस इन्व्हॅडन्स होता. मुख्य दोषी तोच, हे 1990 च्या दशकात पक्के झाले.

हा जीव बुरशीसारखा दिसतो, पण खरी बुरशी नाही. द्राक्षावर डाऊनी, म्हणजे आपल्याकडचा केवडा, ज्या जीवामुळे येतो त्याच्याच गोतावळ्यातला हा माशांचा शत्रू आहे. निफाडच्या बागायतदाराला याहून अधिक समजावून सांगण्याची गरज पडू नये. डाऊनीचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या थेंबात पोहत जाऊन पर्णरंध्रातून आत शिरतात, हे आपण जाणता. हे बीजाणू तळ्याच्या पाण्यात पोहत जातात आणि माशाची कातडी जिथे खरचटलेली असेल तिथे चिकटतात. जिवाणूंसाठी केलेले औषध डाऊनीवर फवारून उपयोग होत नाही, तसाच तो इथेही होत नाही. पावडरने जखमेतले जिवाणू काही दिवस कमी होतील, मासा थोडा बरा वाटेल आणि स्नायूतले धागे वाढतच राहतील. शिवाय औषधाचा अंश मांसात राहील आणि तळ्यातल्या जिवाणूंमध्ये औषधाला न जुमानणारी पिढी तयार होईल.

थंडीचा संबंधही स्पष्ट आहे. पाण्याचे तापमान साधारण 18 ते 22 अंश सेल्सिअसवर आले की या रोगाचे उद्रेक होतात. मासा थंड रक्ताचा असल्यामुळे त्याच तापमानाला त्याची प्रतिकारशक्ती मंदावते आणि जखमेभोवती गाठ बांधण्याचे काम रेंगाळते. थंडीत निफाडचा पारा अनेकदा एक आकडी होतो. उथळ तळ्याला तो गारवा लवकर लागतो. रोगाचा जोर वाढण्याची आणि माशाची ताकद घटण्याची वेळ अशी एकच येते.

आता सायप्रिनस. हा मासा आणि तिलापिया या जीवाला चांगले तोंड देतात, हे अनेक देशांतल्या प्रयोगांत दिसले आहे. एकाच पाण्यात मृगळ आजारी आणि सायप्रिनस ठणठणीत, शिवाय ऋतू थंडीचा, यावरून माझा पहिला संशय या व्रणरोगावर जातो. मात्र पत्र वाचून निदान करणे योग्य नाही, म्हणून जिवंत आजारी माशाच्या जखमेच्या कडेचा तुकडा तपासून घ्यावा. नमुना कसा घ्यायचा ते शेवटच्या उत्तरात लिहिले आहे. तोपर्यंत मेलेले मासे रोज काढून तळ्यापासून दूर चुना टाकून पुरावेत, जाळे विनाकारण फिरवू नये, खाद्य कमी करावे आणि नवीन बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) थंडी संपेपर्यंत सोडू नये. कालव्याचे किंवा नदीचे पाणी उपसत असल्यास मोटारीच्या फुटव्हॉल्व्हला बारीक जाळी लावावी, कारण रानटी मरळ आणि खवली हा रोग बरोबर घेऊन येतात. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने या रोगासाठी ‘सिफॅक्स’ नावाचे औषध तयार केले आहे; निदान झाल्यावर ते लेबलवरील मात्रेनेच द्यावे. मातीच्या तळ्यात चुन्याचाही उपयोग होतो. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात मात्र सामू मोजल्याशिवाय चुना टाकू नये, कारण तिथे चुना पचवणारी माती नसते आणि सामू एकदम वर गेला की पाण्यातला अमोनिया अधिक विषारी होतो.

प्रश्न : मासे तळ्याच्या कडेला अंग घासतात, मध्येच उड्या मारतात. अंगावर हिरवट टिकल्या दिसतात. हा कोणता रोग आहे?
— शेतकरी, ता. सिन्नर

उत्तर : ती माशांची ऊ आहे, शास्त्रीय नाव आर्ग्युलस. भारतातील कार्प माशांच्या पालनात ज्या परजीवींनी सर्वाधिक नुकसान केले त्यांत तिचा क्रमांक फार वरचा आहे, आणि तरीही साध्या डोळ्यांना दिसते म्हणून तिला कोणी गांभीर्याने घेत नाही. मासा हातात ओला धरून पराच्या मुळाशी अंगठा हळूच फिरवावा. खवल्यासारखी वाटणारी ती चपटी टिकली बोटाखालून सरकते, कारण तिला पोटाशी दोन गोल चोषके असतात आणि त्यांच्या आधाराने ती जागा बदलते. तोंडाशी सुईसारखा काटा असतो. तो टोचला की तिथे लाल ठिपका उठतो आणि त्याच ठिपक्यातून पुढे जिवाणू, व्रणरोगाचे बीजाणू असे सगळे आत येतात. म्हणून वरच्या उत्तरातील रोगाशी या उवेचे नाते जवळचे आहे.

तिचा एक स्वभाव आपल्या उपयोगाचा आहे. मादी अंडी माशावर घालत नाही. मासा सोडून ती पाण्यातल्या टणक पृष्ठभागावर जाते आणि तिथे ओळीने अंडी चिकटवते. मातीच्या तळ्यात तिला दगड, बांबू किंवा खुंट शोधावा लागतो. आपल्या शेततळ्यात आपणच तिच्यासाठी चारी बाजूंनी गुळगुळीत कागद अंथरून ठेवला आहे. सिन्नर भागातल्या एका तळ्यावर मी पाण्याच्या रेषेखाली वीतभर हात घालून कागद चाचपला, तेव्हा बोटांना बारीक रव्यासारखा खरखरीतपणा लागला. बाहेर काढलेल्या नखावर पिवळसर अंड्यांची पट्टी होती. मालकाने तोवर तीन वेळा औषध टाकले होते आणि दर वेळी दोन-तीन आठवड्यांनी ऊ परत आली होती, कारण औषधाने ऊ मरत होती आणि अंडी शाबूत राहत होती.

उपाय कष्टाचा आहे, पण खात्रीचा आहे. बागेला पाणी दिल्यावर तळ्याची पातळी उतरते, तेव्हा उघडा पडलेला पट्टा खराट्याने घासून उन्हात कोरडा पडू द्यावा. वाळलेल्या अंड्यांतून काही निघत नाही. तळ्यात काही बांबूच्या चटया किंवा फळ्या उभ्या सोडाव्यात, दर आठवड्याला काढून उन्हात वाळवाव्यात आणि पुन्हा सोडाव्यात. मादी त्यांच्यावर अंडी घालते आणि ती आपण वाळवून टाकतो. बागेतले कीटकनाशक ‘थोडेसे’ टाकून पाहू नये. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधे माशाला लिटरमागे काही मायक्रोग्रॅमलाही मारतात.

प्रश्न : एका सकाळी पाहिले तर तळ्यातले निम्मे मासे मेलेले होते. आदल्या दिवशी शेजारच्या बागेत फवारणी झाली होती. ही साथ म्हणायची का?
— शेतकरी, ता. दिंडोरी

उत्तर : एका रात्रीत निम्मे मासे मेले तर साथीचा विचार सर्वांत शेवटी करावा. साथ पायरीपायरीने चढते : आज दोन, उद्या पाच, परवा बारा, आणि तीही बहुधा एकाच जातीत. एकदम मरतूक झाली की प्राणवायू किंवा विष, या दोघांपैकी एकाकडे पाहावे. प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. तो संपला तर मासे मरण्यापूर्वी पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकतात, मोठे मासे आधी जातात, कटला तर सर्वांच्या पुढे. विषाने मात्र लहान मासे आधी मरतात आणि पाण्यातले किडे, झिंगे, डोळ्यांना दिसणारे प्लवकही मेलेले आढळतात. मोरचुदाचे बोर्डो मिश्रण असो की कीटकनाशक, वाऱ्याने उडालेला तुषार आणि पंप धुतलेले पाणी, दोन्ही तळ्यात येऊ शकतात. गोडी छाटणीनंतर आपल्या भागात फवारण्या एकामागून एक चालतात, त्या काळात शेजाऱ्याशी आधी बोलून ठेवणे आणि तळ्याच्या त्या बाजूला शेवरीसारखे कुंपण वाढवणे उपयोगी पडते. त्याच सकाळी स्वच्छ बाटलीभर पाणी घेऊन बर्फात ठेवावे. दोन दिवसांनी घेतलेले पाणी काहीही सांगत नाही.

प्रश्न : आम्ही धरणात पिंजरे लावून गिफ्ट (निवड पैदाशीने सुधारलेला) तिलापिया वाढवतो. तिलापियाच्या नव्या विषाणूबद्दल ऐकले आहे. तो आपल्याकडे आला आहे का आणि त्यावर औषध आहे का?
— मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेचे सभासद, ता. मालेगाव

उत्तर : इस्रायलमधील किनेरेट सरोवरात 2009 पासून तिलापियाची आवक घटू लागली आणि 2014 मध्ये तिच्यामागचा विषाणू शास्त्रज्ञांनी ओळखला. ‘तिलापिया लेक व्हायरस’ हे नाव त्या सरोवरावरून पडले. त्याची जनुकीय सामग्री आरएनएच्या दहा तुकड्यांत विभागलेली आहे. थायलंडमध्ये पिंजऱ्यात बीज सोडल्यानंतर पहिल्याच महिन्यात मोठी मरतूक होई, तिच्या मुळाशीही पुष्कळदा हाच विषाणू सापडला. भारतात तो आढळल्याचे 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे तो परदेशातला रोग आहे असे समजून चालणार नाही.

विषाणूवर औषध नाही. बचाव आहे तो बीज घेतानाच. बीज सोडण्यापूर्वी आरटी-पीसीआर तपासणी करून घ्यावी. कोरोनामुळे हा शब्द घराघरांत पोहोचला आहे, तीच पद्धत इथेही वापरतात. तपासणी विषाणूची जनुकीय सामग्री आहे की नाही एवढेच सांगते, मासा आजारी आहे का ते नाही, म्हणून लक्षणे न दिसणाऱ्या बीजाचीही तपासणी करावी. नवे बीज काही आठवडे वेगळ्या पिंजऱ्यात, मुख्य पिंजऱ्यांपासून प्रवाहाच्या खालच्या बाजूला ठेवावे. एका पिंजऱ्यातले हातजाळे दुसऱ्यात बुडवू नये. हे सांगताना मला बरे वाटत नाही, कारण संस्थेच्या सभासदांना जाळी वेगळी घेण्याचा खर्च पेलत नाही हे मी जाणतो. पण निदान दोन हातजाळी आणि जंतुनाशकाची एक बादली एवढे तरी जमवावेच. एका मालकाच्या तळ्यातला रोग त्या तळ्यापुरता राहतो, धरणातला रोग सगळ्यांचा होतो.

संशोधनाची एक आशादायक दिशा आहे. मलेशियातील वर्ल्डफिश संस्थेच्या गिफ्ट पैदाशीच्या तळ्यांत 2018 मध्ये हा विषाणू शिरला, तेव्हा काही कुटुंबांतले मासे जवळजवळ सगळे मेले आणि काहींतले जवळजवळ सगळे वाचले. तगण्याची ही क्षमता बऱ्याच प्रमाणात आनुवंशिक असल्याचे त्यातून दिसले, म्हणजे निवड पैदाशीने चिवट वाण तयार करता येईल. आपल्याकडे निवड पैदाशीचा अनुभव आहे. भुवनेश्वरच्या संस्थेने नॉर्वेच्या सहकार्याने तयार केलेला ‘जयंती’ रोहू 1997 मध्ये प्रसारित झाला. त्यात भर वाढीच्या वेगावर होता. पुढे एरोमोनासला तोंड देणाऱ्या रोहूच्या निवडीचेही काम तिथे झाले.

प्रश्न : तळ्यातले मासे आजारी असतात असे ऐकून घरात मासे आणणे बंद केले आहे. हे रोग माणसाला होतात का?
— गृहिणी, नाशिकरोड

उत्तर : वर सांगितलेला व्रणरोग आणि तिलापियाचा विषाणू माणसाला होत नाहीत. व्रणरोगाचा जीव आपल्या शरीराच्या 37 अंशांना वाढतच नाही. 1988 मध्ये लोकांनी भीतीने मासे टाकले, त्या भीतीला आधार नव्हता. तरीही जखमा असलेला मासा घेऊ नये, कारण त्यात दुसरे जिवाणू वाढलेले असतात. मासा पूर्ण शिजवावा. कच्चा मासा खाण्याची रीत आपल्याकडे नाही हे चांगलेच आहे, 2015 मध्ये सिंगापूरमध्ये कच्च्या माशातील स्ट्रेप्टोकोकस जिवाणूमुळे अनेक लोक गंभीर आजारी पडले होते. हाताला जखम असताना मासे साफ करताना हातमोजे घालावेत. काही माशांतले जिवाणू कातडीतून शिरून महिनोन्महिने न भरणाऱ्या गाठी उठवतात. मासे साफ करण्याचा व्यवसाय असणाऱ्या भगिनींनी अशी गाठ दिसताच डॉक्टरांना ‘मी मासळीचे काम करते’ हे आवर्जून सांगावे.

प्रश्न : कोंबड्यांना लस मिळते, मग रोहू-कटल्याला का नाही? मला पुढे या विषयात संशोधन करायचे आहे. सुरुवात कुठून करावी?
— प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : माशांची लस नवी नाही. 1942 मध्ये डफ या शास्त्रज्ञाने ट्राउट माशांना मारलेल्या जिवाणूंचे खाद्य देऊन त्यांना रोगापासून वाचवता येते हे दाखवले आणि 1976 मध्ये अमेरिकेत पहिली व्यापारी लस बाजारात आली. नॉर्वेत 1987 मध्ये सॅमन पालनात सुमारे 50 टन प्रतिजैविके वापरली जात. लशी आल्यावर उत्पादन अनेक पटींनी वाढले आणि प्रतिजैविकांचा वापर अगदी नगण्य झाला. पण तिथे एक सॅमन इतका महाग असतो की प्रत्येक माशाला यंत्राने टोचणे परवडते. आपण शेततळ्यात हजारो बोटुकल्या सोडतो आणि एका बोटुकलीची किंमत काही रुपये. टोचून देण्याची लस इथे चालणार नाही. खाद्यातून किंवा पाण्यात बुडवून देता येणारी हवी, आणि खाद्यातली लस आतड्यात पोहोचण्यापूर्वी जठरातच पचून जाऊ नये अशी तिची घडण हवी. रोहूला सॅमनसारखे जठर नसते, त्यामुळे ही अडचण आपल्या माशात थोडी हलकी असू शकते. हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही आणि तो सोडवणारी मुलगी नाशिकची असेल तर मला मनापासून आनंद होईल.

पदवीनंतर मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत जलचरांच्या आरोग्याचा अभ्यासक्रम आहे. प्रवेश परीक्षेची तयारी करताना तुला आतापासून एक काम करता येईल. देशात 2013 पासून जलचरांच्या रोगांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा कार्यक्रम चालू आहे; लखनौची राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन संस्था त्याचा समन्वय करते आणि 2023 मध्ये ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे मोबाइल ॲपही सुरू झाले. कोणताही शेतकरी त्यावर आजारी माशाचे छायाचित्र आणि माहिती पाठवू शकतो. आपल्या जिल्ह्यातील फार थोड्या तळ्यांची माहिती तिथे पोहोचत असावी असा माझा अनुभव आहे. आपल्या तालुक्यातली दहा तळी निवड आणि वर्षभर दर पंधरवड्याला पहाटे आणि दुपारी पाण्याचे तापमान, सामू, प्राणवायू आणि त्या दिवशी मेलेल्या माशांची जातवार संख्या वहीत लिहून ठेव. रोगजंतू, मासा आणि परिसर या तिघांचा मेळ बसला तरच रोग होतो, हे या शास्त्राचे सूत्र आहे. पहिल्या दोघांवर मोठ्या प्रयोगशाळा काम करतील, पण निफाडच्या थंडीत कागदाच्या तळ्यात पाणी किती गार होते आणि मासे नेमके कोणत्या आठवड्यात मरू लागतात, हे तुझ्यासारख्या कोणी लिहून ठेवल्याशिवाय त्यांना कळणार नाही.

आणि नमुना नीट घ्यायला शीक, कारण हे काम शेतकऱ्यालाही तुलाच शिकवावे लागेल. मेलेला मासा उन्हाळ्यात दोन तासांत कुजू लागतो आणि मग त्यात जो जिवाणू सापडतो तो कुजण्याचा असतो; वरच्या निफाडच्या पत्रातील अहवालाबाबत मला तीच शंका आहे. आजारी पण जिवंत, मंद पोहणारे तीन-चार मासे घ्यावेत. प्रयोगशाळा जवळ असेल तर प्राणवायू भरलेल्या पिशवीत ते जिवंतच न्यावेत. लांब असेल तर काही मासे पिशवीत घालून बर्फात ठेवावेत, पण गोठवू नयेत. एका माशाच्या जखमेच्या कडेचा, कल्ल्याचा आणि मूत्रपिंडाचा सेंटिमीटरभराहून लहान तुकडा, तुकड्याच्या दहा पट फॉर्मॅलिनमध्ये, आणि दुसऱ्याचे तसेच तुकडे तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवावेत. पहिला सूक्ष्मदर्शकासाठी, दुसरा पीसीआरसाठी. प्रत्येक बाटलीवर तारीख, गाव, माशाची जात आणि त्या दिवशीच्या पाण्याचे तापमान शिसपेन्सिलीने लिहावे, कारण अल्कोहोल सांडले की पेनची शाई पुसली जाते.